तबेल्याला उंबरा नसतो

आमच्या घरात खोल्यांना घोड्यांची नावं होती. स्वयंपाक मुश्कीत व्हायचा, अप्पांची गादी आणि दुकानातली शिल्लक पेंडेची पोती कुमैतमध्ये असायची आणि आम्ही भावंडं अबलखमध्ये झोपायचो. शाळेतून येऊन आईला शोधत "अव्वा कुठाय?" म्हणून विचारलं की धाकटा मल्लू मान न वळवता सांगायचा, "मुश्कीत हाय, भाकरी करायलीय." नावं आम्ही ठेवलेली नव्हती. प्रत्येक कमानीच्या माथ्यावर, लाल दगडात, कुणा जुन्या कारागिरानं ती उर्दूत कोरून ठेवली होती. अप्पा निजामाच्या राज्यातल्या शाळेत शिकलेले, त्यांना उर्दू यायचं. राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी कंदील उंच धरून एकेक नाव वाचलं आणि म्हणाले, "हे बघा, आपल्या आधीचे भाडेकरू."

बीदरातल्या एका देवडीचा, म्हणजे नवाबी वाड्याचा, तो तबेला. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अॅक्शननंतर देवडीतली माणसं हैदराबादला गेली, घोडे कुठं गेले कुणास ठाऊक, देवडी सरकारी कचेरीला गेली आणि मागचा तबेला अप्पांनी घेतला. आम्ही मूळचे जनवाड्याचे. रझाकारांच्या गडबडीच्या दिवसांत गाव सोडून नातेवाइकांकडे राहिलो होतो आणि परत जनवाड्याला जायला अव्वाचं मन घेत नव्हतं. "छप्पर दगडी हाय, भिंती हातभर जाड हायत, आनि काय पायजे?" असं म्हणत अप्पांनी कमानींच्या तोंडांना मातीच्या भिंती घातल्या, मधे दारं ठेवली, आणि घोडे बांधायच्या जागेत माणसं राहू लागली. गव्हाणी तशाच ठेवल्या. एका गव्हाणीत ज्वारी, एकीत आमची पुस्तकं, एकीत अव्वाचे देव, आणि मुश्कीतल्या गव्हाणीत अव्वानं शेंगाचटणीच्या बरण्या मांडल्या होत्या. भिंतीतल्या लोखंडी कड्यांना कपड्यांची दोरी आणि मल्लूचा पाळणा. फरशीला मात्र इलाज नव्हता. घोड्यांचं मूत वाहून जावं म्हणून ती सगळी मधल्या मोरीकडे उतरती केलेली. ताटातलं सार एका कडेला जमायचं. अंथरुणावर डोकं चढाकडं करून झोपावं लागे, नाही तर सकाळपर्यंत माणूस घसरत मोरीपाशी. हातातून लिंबू सुटलं तर धावायचंसुद्धा नाही, ते कुठं जाऊन थांबणार हे सगळ्यांना माहीत. पावसाळ्यात भिंतींना ओल सुटली की घोड्यांच्या घामाचा वास यायचा. अव्वा ऊद जाळायची. तो वास उदाला पुरून उरायचा.

हे सगळं आज लिहिताना मला गंमत वाटते. तेव्हा वाटत नव्हती. शाळेत मुली मला बघून टाचा आपटायच्या. "आली गं आली, तबेल्यातली घोडी आली." कानडी शिकवणाऱ्या बाईंनीसुद्धा एकदा तोंडावर पदर धरला होता. वत्सला म्हणून बदलीवर आलेल्या एका अंमलदाराची मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या घरी तिला एकटीला खोली होती, खिडकी होती, खिडकीत टेबल होतं. तिनं मला विचारलं, "गौरा, तू अभ्यास कुठं करतेस?" मी म्हणाले, "माझ्या खोलीत." ती म्हणाली, "मग मी येते एकदा." तेव्हापासून माझ्या डोक्यात ती एक खोली बसली.

आमच्या तबेल्यात खिडकी एकाच ठिकाणी होती. ओळीतली शेवटची कमान सईसाची, घोडे सांभाळणाऱ्याची. तिथं घोडा नव्हे, माणूस राहायचा, म्हणून तिला दगडी जाळी ठेवलेली. सकाळचं ऊन त्या जाळीतून आत येऊन फरशीवर सांडायचं. त्या कमानीवर नाव कोरलेलं नव्हतं, आणि तिच्यात बीबनबी राहायची.

बीबनबी सईसाची बायको. सईस अॅक्शनच्या धामधुमीत घोड्यांना वैरण आणायला म्हणून बाहेर पडला तो आला नाही. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तिला मूलबाळ नव्हतं. देवडीतली माणसं जाताना तबेला अप्पांच्या हवाली करून गेली ती एका शब्दावर. शेवटच्या कमानीत दर मोहरमात नालसाब बसायचे. घोड्याची एक जुनी, जड नाल, हिरव्या फडक्यात बांधून गव्हाणीवरच्या कोनाड्यात ठेवलेली असायची. मोहरमचा चंद्र दिसला की बीबनबी ती बाहेर काढी, संदल, म्हणजे चंदनाचा लेप, लावून काठीला बांधी आणि पीर म्हणून बसवी. साऱ्या मोहल्ल्याचा तो पीर. विणकर यायचे, सुतार यायचे, आमच्या गल्लीतले लिंगायत, मराठे नारळ घेऊन यायचे. अप्पांनी शब्द दिला होता, जोवर नालसाब इथं बसतील तोवर त्यांची सेवा करणारी बाई इथंच राहील. लिहिलेलं काही नव्हतं. अप्पांना लिहिण्याची गरज वाटायची नाही.

आणि माझं तर त्या नालेशी नातंच होतं. लहानपणी मला गोवर उतरत नव्हता तेव्हा अव्वानं नालसाबला नवस बोलून मला फकीर केलं होतं. म्हणजे दर मोहरमात गळ्यात तांबडा-हिरवा गंडा बांधायचा, पाच घरं मागायची आणि मलिदा वाटायचा. गंडा बीबनबी बांधायची. चंद्र दिसायच्या दिवशी नाल चिंचेनं घासून लख्ख करायचं काम माझं होतं. "क्या गे फकिरनी, हाताला जोर नै क्या? भाकरी खाती का हवा खाती?" असं म्हणून ती माझ्या डोक्यात टप्पल मारायची. तिची आमच्याशी बोलायची भाषा अर्धी दखनी, अर्धी आमची. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. आमच्या घरात राहायची म्हणून तिनं तिथं कधी कांदा परतण्यापलीकडे काही शिजवलं नाही. बकरीदेचं मटण ती भाचीकडं जाऊन खायची आणि येताना हौदावर हात-तोंड धुऊन मगच आत यायची. अव्वा म्हणायची, "इतकं आपले जंगमसुद्धा पाळत न्हाईत." तिच्या हातच्या गोड चोंग्यांसाठी मल्लू मोहरमची वाट बघायचा.

मी अप्पांना खोली मागितली. ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. "ती बीबनबीची हाय."

"तिला अबलखमदी राहू द्या की. एकटीला जाळी कशाला लागतीय?"

"पीर अबलखमदी बसत न्हाईत. शब्द दिलाय गौरे. जवर नाल हाय तवर ती हाय." मग हसून म्हणाले, "तुला खोली पायजे तर नालसाबलाच माग. तुझं ऐकतेत ते."

हे त्यांचं थट्टेतलं वाक्य मी किती दिवस मनात घोळवलं, ते सांगायला आज जीभ रेटत नाही.

वैशाखात अप्पांनी शेवटचं काम काढलं. तोवर आमच्या घराला उंबरा नव्हता. तबेल्याला उंबरा नसतो, घोडा अडखळतो म्हणून. मोठ्या दाराशी नुसता दगडी उतार होता, आणि त्या उतारावरून कुत्री, शेरडं, पावसाचं पाणी, सगळं सरळ आत यायचं. लक्ष्मीसुद्धा उताराला लागून बाहेर जाती म्हणून अव्वाची कायमची कुरकुर. तेव्हा मौनाप्पा सुताराला बोलावून दार लहान केलं, सागाची चौकट बसवली आणि खाली चांगला जाड उंबरा. अप्पा साऱ्या गल्लीला सांगत फिरत होते, "उंबरा बसला की घर झालं बघा. आता कुणी तबेला म्हणू द्या." दुसऱ्या दिवशी जंगम येणार होते, उंबऱ्याची पूजा होणार होती, गव्हाची गोड हुग्गी शिजणार होती. मौनाप्पानं रंधा खाली ठेवून विचारलं, "सावकार, उंबऱ्याला नाल ठोकायची न्हाई का? घोड्याची नाल असली म्हंजे दृष्ट आत येत न्हाई."

अप्पा मोठ्यानं हसले. "तबेल्यात राहून नाल बाजारातनं आणायची व्हय? ए गौरे, बघ गं कुठं पडलीय का."

पडलेली नव्हती. घर करताना निघालेल्या नालांचा ढीगच्या ढीग लोहारानं केव्हाच नेला होता. मी सगळीकडं शोधल्यासारखं केलं. हौदामागं, शेणाच्या खड्ड्यापाशी, कडब्याच्या गंजीखाली. पण पाय कुठं चाललेत ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. बीबनबी दुपारची भाचीकडं गेली होती. तिच्या दाराला कुलूप नव्हतं, आमच्या घरात कुणाच्याच दाराला नव्हतं. जाळीतलं ऊन केव्हाच सरलं होतं, आत नुसता उजेड होता. मी गव्हाणीवर चढले, कोनाड्यातलं हिरवं गाठोडं काढलं, सोडलं. कौलाची एक जाड खापरी परसातून उचलून आणलेली होती, ती आत ठेवून तशीच गाठ मारली. बीबनबीची गाठ मला येत होती, तिनंच शिकवलेली. मग नाल ओढणीखाली धरून हौदावर गेले.

लोक म्हणतात, लेकरू होतं, कळलं नसेल. मी स्वतःलाही पुष्कळ वर्षं हेच सांगत आले. म्हणून हौदावरचं सांगते. त्या नालेवर वर्षानुवर्षांच्या संदलाचं पिवळट पूट चढलेलं होतं. चंद्राच्या दिवशी मी वरवरचं घासायची, पण कडांना आणि खिळ्यांच्या भोकांत ते राहायचंच. बीबनबी ते काढू द्यायची नाही. त्या दुपारी मी राख घेतली, विटेचा तुकडा घेतला, आणि भोकाभोकांतून काडी घालून ते सगळं काढलं. हात हुळहुळले. मधे एकदा अव्वानं मुश्कीतून हाक मारली, "काय करायलीस गं उन्हात?" मी म्हणाले, "नाल घावली, गंज काढायलेय." लेकराला कळलं नसतं तर ते तशीच घेऊन गेलं असतं. मी ती ओळखू येऊ नये अशी केली. घासून घासून शेवटी हातात राहिलं ते नुसतं लोखंड होतं.

मौनाप्पानं नाल हातात घेऊन वजन केलं, मग सवयीनं नाकाशी नेली. "पोरी, हिला चंदनाचा वास यायलाय."

"देवाच्या गव्हाणीत होती," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं. तोही दर मोहरमात नारळ आणणारा माणूस. क्षणभर वाटलं, हा आता विचारणार. पण अप्पा मागं उभे होते, जंगमाला निरोप गेला होता, आणि अशा गोष्टी विचारायचे ते दिवस नव्हते. त्यानं खिळे ओठांत धरले आणि नाल उंबऱ्याच्या मधोमध ठोकली. दुसऱ्या दिवशी अव्वानं तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं आणि आम्ही सगळे ती ओलांडून घरात शिरलो. शिरताना मल्लूचा पाय तिच्यावर पडला. बीबनबीलाही हुग्गीचं ताट होतं. ती उंबरा ओलांडूनच आत आली आणि अव्वाला म्हणाली, "अच्छा हुआ, अब घर जैसा घर हुआ."

पुढं पाऊस झाला, मूग निघाला, आणि मोहरम आला. बीबनबी नाल हरवली म्हणून रडेल, अप्पा चुकचुकतील, आणि मग आपोआपच तिला भाचीकडं जावं लागेल, असा माझा हिशेब होता. मी त्याच्यापुढचा विचार केला नव्हता. अंगणात माणसं जमली होती, आलाव्याच्या, म्हणजे मोहरमच्या जाळाच्या, खड्ड्याला कुदळ लागली होती, ताशा तापवायला धरला होता. आत आम्ही दोघीच. माझ्यापुढं चिंच भिजवून ठेवलेली. तिनं कोनाड्यातलं गाठोडं काढून डोळ्यांना लावलं आणि गाठ सोडली.

आत खापरी निघाली. तिनं ती उलटी करून पाहिली, फडकं झटकून पाहिलं, कोनाड्यात हात घालून चाचपलं. मी पढवल्यासारखं म्हणाले, "अगं बाई, हे काय खाला?" त्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी निभावून नेलं असतं. तिनं आधी माझ्या तोंडाकडं आणि मग माझ्या हातांकडं बघितलं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "खाला, झालं का? लोक खोळंबलेत!" तिनं खापरी पुन्हा फडक्यात ठेवली. "कुछ नक्को बोल," ती हळू म्हणाली. "संदल ला इधर." तिनं त्या फडक्यावरूनच संदल लावलं, वर दुसरं हिरवं वस्त्र गुंडाळलं, काठीला बांधलं, मोगरा चढवला आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इस साल नालसाब पडदे में बैठेंगे."

"कामून ओ खाला?" एका विणकरानं विचारलं.

"उनकी मर्जी."

लोकांना ते पटलं. पटलं म्हणजे काय, त्यांना त्याचं भारी वाटलं. पीर पडद्यात बसलेत म्हणून त्या वर्षी दुसऱ्या मोहल्ल्यातली माणसंही आली. मौनाप्पा आला, त्यानं नारळ फोडला आणि मान वर न करता गेला. बीबनबीनं माझ्या गळ्यात गंडा बांधला, दर वर्षीसारखा.  पण एक फरक मला दिसला. ती आता पुढच्या दारानं येईना. पाण्याची घागर घेऊन शेणाच्या खड्ड्याच्या बाजूनं, मागच्या आडवाटेनं जायची. अव्वानं विचारलं, "मागनं कामून जायलाव बीबनबी? चिखल हाय तिकडं."

"घुटने दुखतें अव्वा. उंबरा चढा नै जाता."

म्हणजे तिला कळलं होतं. ती तोंडातून एक शब्द काढत नव्हती, कारण शब्द काढला तर नाल गेल्याचं कबूल करावं लागणार, आणि नाल गेली तर छप्पर गेलं. शिवाय ती कुणाविरुद्ध बोलणार होती? त्या वर्षांत तिच्यासारख्या बाईनं आमच्यासारख्या घरातल्या मुलीचं नाव घ्यायचं म्हणजे काय, ते मला आज समजतं. तेव्हा मला एवढंच समजत होतं, की हिनं मला हरवलं. खोली तिचीच राहणार. दर वर्षी खापरीला फुलं चढणार आणि वत्सलाला मी दर वर्षी नवं कारण सांगणार.

एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. बीबनबीनं चोंगे पाठवले होते, अव्वा ते वाढत होती. अप्पा खुशीत म्हणाले, "अवंदा लोक लई आले. नालसाबची कृपा हाय बघ आपल्या घरावर."

मी म्हणाले, "आत नाल न्हाईच. खापरी हाय. मी बघितलीय."

अव्वाच्या हातातला चोंगा तसाच राहिला. अप्पांनी ताट बाजूला सारलं. मग मला म्हणाले, "शपथ घे." मी गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली. त्यात खोटं काय होतं? एक अक्षर खोटं नव्हतं.

अप्पांनी पिरं थंड होईपर्यंत, म्हणजे मोहरम उठेपर्यंत, वाट पाहिली. त्यांच्यात तेवढी सभ्यता होती. मग सकाळी बीबनबीला बोलावून घेतलं. ती कुमैतच्या दारात उभी राहिली, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. अप्पांच्या आवाजात राग नव्हता. "बीबनबी, गाठोडं सोडून दावा."

"सोडने की क्या जरूरत सावकार. लेकरू खोटं नै बोललं. नाल नै उसमें."

"मग कुठं गेली?"

मी अबलखच्या दाराआड होते. तिथून मला तिचा चेहरा दिसत होता, आणि तिला मी. तिच्या डाव्या हाताला, चार पावलांवर, उंबरा होता. सकाळचं ऊन त्याच्यावर पडून नाल चकाकत होती. आमच्या सगळ्यांच्या पायांनी ती लख्ख झाली होती.

"मेरे हाथ से गुम गई," ती म्हणाली.

"कधी? कशी? मला सांगायचं की ओ! मी काय परका व्हतो? साऱ्या गावाला खापरीपुढं वाकायला लावलाव तुमी, माझ्या घरात." अप्पा खाली बसले. "माझा शब्द नालेसाठी होता बीबनबी."

"हौ."

"पीरच न्हाई तर मी लोकांना काय सांगू?"

"हौ सावकार. बराबर है." मग तिनं एवढंच विचारलं, "वो गाठोडा ले जाऊं मैं?"

भाचीच्या नवऱ्याची बदली करजगीकडं झाली होती, तिकडं ती जाणार होती. निघायच्या दिवशी गाडी पुढच्या दाराशी आली. अव्वानं भाकऱ्या बांधून दिल्या आणि ती मुश्कीत जाऊन बसली, बाहेर आली नाही. अप्पांनी मला सांगितलं, "गौरे, खालाचं गाठोडं घे, गाडीपत्तर पोचव." ते हिरवं गाठोडं मी हातात घेतलं. आत काय आहे ते आम्हां दोघींनाच स्पर्शानं माहीत होतं. बीबनबी उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. मग गुडघे धरत खाली बसली, दोन्ही हातांची बोटं नालेला लावली, डोळ्यांना लावली, पुन्हा नालेला, पुन्हा डोळ्यांना. उठली आणि म्हणाली, "उंबरा चढा नै जाता सावकार. गाडी पिछे लेव."

गाडी मागं नेली. अप्पा उपरण्यानं डोळे पुसत होते. मला म्हणाले, "बघ गौरे. चुकली असंल ती, पन घराला पाया पडून चालली. खाल्ल्या अन्नाला जागली."

मी तेव्हा बोलले असते तर गाडी अजून अंगणातच होती.

मागच्या दाराशी तिनं माझ्याकडून गाठोडं घेतलं. माझ्या गळ्यातला गंडा उलटा झाला होता, तो तिनं सरळ केला. "खुद होके टूटे तक नक्को निकालना," म्हणाली. तो मी त्याच दुपारी विळीवर कापला आणि मोरीत टाकला. मोरीनं तो नेला. त्या घरात सांडलेलं सगळंच ती नेत होती.

खोली मला मिळाली. अप्पांनी चुना दिला, टेबल आणलं. वत्सला आली, जाळीतून बघून म्हणाली, "छान आहे गं," आणि पुन्हा कधी आली नाही. तिच्या वडिलांची बदली झाली. मी त्या जाळीच्या उजेडात मॅट्रिक झाले, पुढं शिकले, मास्तरीण झाले. ज्या काही चार पोरी माझ्या हाताखालून शहाण्या होऊन गेल्या, त्यांना दिलेला उजेड त्या जाळीतला आहे. आणि आमच्या घराची रीत अशी, की खोलीला पहिल्या बिऱ्हाडकरूचं नाव. शेवटच्या कमानीवर काही कोरलेलं नव्हतं, पण मल्लूनं ते काम केलं. लग्न होईपर्यंत मी ऐकत होते, "गौरक्का कुठाय?" "बीबनबीत हाय. अभ्यास करायलीय." अप्पा शेवटपर्यंत तसंच म्हणायचे. मी त्यांना सांगितलं नाही. ते गेले तेव्हा त्यांना त्याच उंबऱ्यावरून बाहेर नेलं. माहेरी गेले की तो उंबरा मी पाय उचलून, लांब टाकून ओलांडायची. भावजय हसायची, "वन्सं, तिथं काय साप हाय का?"

मागल्या वर्षी मल्लूनं दाराला ग्रॅनाइट बसवला. जुना उंबरा काढताना निघालेली नाल घेऊन तो माझ्याकडं आला. "अक्का, तुझ्या हाताची हाय म्हणून आणली. फेकू का?" मधला भाग पायांनी झिजून बोटाएवढा बारीक झाला होता. मी ती ठेवून घेतली, आणि मोहरमात, घरात कुणाला न सांगता, ती पिशवीत घालून बसनं करजगीला गेले.

बीबनबी जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. भाचीची सून घर दाखवायला आली. लहानशी खोली, ऊद, मोगरा, आणि मधोमध काठीला बांधलेलं हिरवं गाठोडं. गावातली माणसं नारळ घेऊन रांगेत होती, आमच्यासारखी, लिंग घातलेलीसुद्धा. मी विचारलं, "आत काय हाय?"

"मालूम नै अम्मा," ती सून म्हणाली. "यहाँ के नालसाब पडदे में बैठते. कपडा चढाते, खोलते नै. बीबन दादी बोल के गईं, नक्को खोलो, अंदर किसीकी शरम है बोल के."

रांग पुढं सरकली. माझी पाळी आली तेव्हा मी वाकले आणि माझ्याच हातानं परसातून उचललेल्या त्या खापरीपुढं डोकं टेकवलं. सुनेनं माझ्या गळ्यात गंडा बांधला. उठताना खांद्यावरची पिशवी घसरून फरशीवर आपटली आणि मोठ्यानं आवाज झाला. सगळे वळून बघू लागले.

"क्या है अम्मा उसमें?" तिनं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणाले. "लोखंड हाय."